साडेतीन लाखांचा प्लेअर आणि कपाटातल्या सातशे सीडी

प्रश्न : नाशिकचे एक वाचक लिहितात. वय ६२, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तीस वर्षांत जमवलेल्या साधारण ७०० सीडी घरात आहेत, बहुतेक शास्त्रीय गायन, वादन आणि नाट्यसंगीत. शिवाय दोनशे डीव्हीडी, मराठी नाटकांच्या साठेक व्हीसीडी (व्हिडिओ सीडी), तीसेक ब्लू-रे, आणि मुलीने जर्मनीहून आणलेल्या पंधरा एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, म्हणजे सीडीहून जास्त तपशील साठवणाऱ्या आवाजाच्या डिस्क). जुना डीव्हीडी प्लेअर आता मध्येच अडखळतो. स्टिरिओ ॲम्प्लिफायर १८ वर्षांचा, बुकशेल्फ स्पीकर तितकेच जुने, टीव्ही ५५ इंची फोर-के, सोफ्यापासून अकरा फुटांवर. मुंबईच्या एका दुकानात त्यांना सगळ्या प्रकारच्या डिस्क वाजवणारा, चौदा किलो वजनाचा एक प्लेअर दाखवला गेला. किंमत साडेतीन लाख. 'असे प्लेअर आता बंद होत चाललेत, पुन्हा मिळणार नाही,' असं विक्रेता म्हणाला. ओळखीतले एक गृहस्थ त्यांचा वापरलेला ओप्पो यूडीपी-२०५ हा ब्लू-रे प्लेअर विकायला तयार आहेत. मुलगी म्हणते, जर्मनीहून आणते. पुण्यातला मुलगा म्हणतो, सगळं फोनवर मिळतं, पैसे पाण्यात घालू नका. पत्नी म्हणते, 'घ्यायचा तर घ्या, पण माझी नाटकं मला कधी बघायला मिळणार तेवढं सांगा.' ते पुढे लिहितात, 'हा माझा शेवटचा प्लेअर असेल. शेवटचा म्हणावा असाच घ्यायचा आहे. काय करू?'

सप्रेम नमस्कार,

तुमचं पाच पानी पत्र मी दोनदा वाचलं. त्यात 'शेवटचा' हा शब्द सहा ठिकाणी आलाय. प्लेअरचं वजन दोनदा आलंय. आणि सीडी ऐकताना नेमकं काय कमी पडतं, हे मात्र एकदाही आलेलं नाही. जुना प्लेअर अडखळतो, हे आलं. पण आवाज कोरडा वाटतो, तानपुरा मागे पडतो, तबल्याचा बायाँ फुगतो, असं काही तुम्ही लिहिलेलं नाही. म्हणून आधी त्या 'शेवटचा' बद्दल बोलू या. मला वाटतं, तुमचा निर्णय सध्या तोच शब्द घेतोय.

विक्रेता खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. ओप्पोने २०१८ साली प्लेअर बनवणं थांबवलं. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून या धंद्यातून अंग काढून घेतलं. एलजीचे प्लेअरही आता निघत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं, ही बातमी तुम्हीही वाचली असेल. मात्र ती कोऱ्या, घरी रेकॉर्ड करायच्या डिस्कपुरती होती. चित्रपट छापून येणाऱ्या डिस्क अजून निघताहेत. तेव्हा चित्रपटांचे प्लेअर बनवणाऱ्यांची संख्या रोडावली, हे खरंच.

पण तुमच्या हजारेक डिस्कपैकी सातशे सीडी आहेत, आणि सीडी प्लेअरची गोष्ट निराळी आहे. मरांट्झ, डेनॉन, यामाहा यांच्यासारख्या कंपन्यांनी गेल्या काही वर्षांतसुद्धा नवे सीडी प्लेअर काढले, त्यांतले काही एसएसीडीही वाजवतात. सीडी १९८२ साली जपानमध्ये बाजारात आली. चाळीस वर्षांहून अधिक काळ तिचं माप, तिचा साचा, तिच्यावर आवाज आकड्यांत लिहिण्याची पद्धत, यातलं काही बदललेलं नाही. आज दुकानात उभं राहून 'आत्ता नाही घेतला तर कधीच नाही' असं वाटावं, इतकी वाईट वेळ सीडीवर आलेली नाही. घाई करू नका. दिवाळीपर्यंत थांबलात तरी तुमच्या सातशे सीडी कपाटातून कुठे जात नाहीत.

आता त्या चौदा किलोंविषयी. पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः असाच एक जड प्लेअर घेतला होता. डीव्हीडी-ऑडिओ, एसएसीडी, सगळं वाजवणारा. सहा वर्षं सुरेख चालला. मग एका पावसाळ्यात सीडी ओळखेनासा झाला. डीव्हीडी लावली की चालू, सीडी घातली की 'नो डिस्क'. कंपनीच्या सेवा केंद्रातून उत्तर आलं की तो लेझर आता येत नाही. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका जुन्या तंत्रज्ञाकडे घेऊन गेलो. त्याने झाकण उघडून मला जवळ बोलावलं आणि आत बोट दाखवलं. खाली जाड पोलादी पत्रा, एका बाजूला नारळाएवढा ट्रान्सफॉर्मर, आणि मधोमध तळहातावर मावेल एवढी प्लास्टिकची साधी चकती-यंत्रणा. लेझर वाहून नेणारा रूळ म्हणजे एक बारीक दांडी. त्या दिवशी मला कळलं की वजन पत्र्याचं आणि ट्रान्सफॉर्मरचं होतं, आणि माझं सगळं ऐकणं त्या छोट्या यंत्रणेवर अवलंबून होतं.

हे सांगतोय ते अशासाठी. सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे वाचायला तीन वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश लागतो. सीडीला ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीला ६५०, ब्लू-रेला ४०५. सगळं वाजवणाऱ्या प्लेअरला हे तिन्ही एकाच पेटीत सांभाळावे लागतात. त्यातला एक थकला की दुरुस्तीला अख्खी पेटी जाते, आणि ती परत येईपर्यंत घरात गाणंही बंद आणि सिनेमाही बंद. तुम्ही रोज सकाळी दोन तास सीडी ऐकता असं लिहिलंय. सिनेमा महिन्यातून दोनदा. म्हणजे सीडीचा भाग झिजणार रोज, आणि त्याच्याबरोबर पणाला लागणार साडेतीन लाखांची पेटी. माझं स्पष्ट मत आहे की तुमच्यासाठी दोन वेगळी यंत्रं बरी. गाण्याचं एक, चित्राचं एक.

पण त्याआधी एक प्रश्न, जो या साऱ्याच्या मुळाशी आहे. डिस्कवरचे आकडे तुमच्या घरात नेमके कुठे आवाजात बदलतात?

ज्यांच्याकडे होम थिएटरचा एव्ही रिसीव्हर, म्हणजे पाच-सात स्पीकर चालवणारा ॲम्प्लिफायर असतो, त्यांच्या घरी प्लेअर एचडीएमआय केबलमधून आकडे तसेच पुढे पाठवतो. आकड्यांचा आवाज होतो तो रिसीव्हरमध्ये. अशा घरात साडेतीन लाखांचा प्लेअर आणि पस्तीस हजारांचा प्लेअर सिनेमाचा आवाज म्हणून तेच आकडे पाठवतात. महाग प्लेअरमधला उंची डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप आणि तिच्या भोवतालचं सर्किट, तिथे नुसतं बसून राहतं. हे पत्र वाचणाऱ्या ज्या कुणाकडे रिसीव्हर आहे, त्यांनी हे आधी तपासावं. प्लेअरच्या मागून रिसीव्हरकडे फक्त एक एचडीएमआय केबल जात असेल, तर प्लेअरच्या डॅकसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

तुमची गोष्ट उलटी आहे. तुमच्या ॲम्प्लिफायरला एचडीएमआय नाही, ऑप्टिकल (आकडे प्रकाशातून नेणाऱ्या केबलीची जागा) नाही, फक्त लाल-पांढऱ्या केबलींच्या जागा आहेत. म्हणजे आवाज प्लेअरमध्येच तयार व्हायला हवा. तिथे चांगल्या डॅकला अर्थ आहे, हे मी मान्य करतो. पण दुकानातल्या त्या प्लेअरच्या पाठीवर आठ चॅनेलच्या आवाजाच्या जागा आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. तुमचे स्पीकर दोन. उरलेले सहा चॅनेल, त्यांच्या चिपा, त्यांचा वीजपुरवठा, यांचे पैसे तुम्ही देणार आणि त्यांत केबल कधीच जाणार नाही.

सगळं एकाच पेटीत नीट सापडणं किती कठीण आहे, याचं एक उदाहरण देतो. पॅनासॉनिकच्या यूबी८२० आणि यूबी९००० या फोर-के प्लेअरांचं चित्र मला फार आवडतं. एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातलं अंतर वाढवणाऱ्या चित्रपद्धतीचा, प्रखर उजेड साध्या टीव्हीला झेपेल असा आवरण्यात ते वाकबगार आहेत, आणि मागे लाल-पांढऱ्या केबलींची सोयही आहे. पण दोन्ही एसएसीडी वाजवत नाहीत. सोनीचा एक्स८००एम२ एसएसीडी वाजवतो, डीव्हीडी-ऑडिओही वाजवतो. पण त्याच्या मागे लाल-पांढऱ्या केबलीची जागाच नाही, म्हणजे तुमच्या ॲम्प्लिफायरला तो सरळ जोडताच येणार नाही. माहितीपत्रक वाचताना काय काय वाजतं याच्या यादीइतकीच ही पाठीमागची बाजू वाचत जा. प्लेअरच्या मागचा फोटो मोठा करून बघा आणि आपल्या ॲम्प्लिफायरच्या मागच्या फोटोशेजारी ठेवा.

एसएसीडीचं दडपण तर मनातून काढूनच टाका. त्या पंधरा डिस्कच्या डब्या उलटून पाहा. एसएसीडीच्या खुणेबरोबर कॉम्पॅक्ट डिस्कची नेहमीची खूणही असेल, किंवा 'हायब्रिड' असं छापलेलं असेल, तर त्या डिस्कवर दोन थर आहेत आणि त्यातला एक थर साधी सीडीच आहे. ती कुठल्याही सीडी प्लेअरवर वाजते. पंधरांपैकी बहुतेक तशाच निघाल्या, तर एसएसीडीसाठी म्हणून वेगळी पेटी घेण्याची निकड उरत नाही. पुढेमागे घ्यावीशी वाटली तर आवड म्हणून घ्या.

आणि सीडी ही कमी प्रतीची चीज आहे, असं जर दुकानात कुणी तुमच्या मनात भरवलं असेल तर तेही सोडा. १६ बिटांच्या सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. एप्रिलमध्ये नाशिकच्या दिवाणखान्यात पंखा तीनवर असताना खोलीचा स्वतःचाच आवाज चाळीस डेसिबलच्या आसपास असतो. तानपुऱ्याची विरत जाणारी तार त्या पंख्याखाली बुडते. सीडीवर ती शाबूत आहे. शिवाय तुमच्या संग्रहातली बरीच ध्वनिमुद्रणं साठ-सत्तरच्या दशकांतल्या मैफलींची, टेपवरून सीडीवर आलेली आहेत. टेपवर जे उतरलं नाही ते कुठलाही प्लेअर आणून देणार नाही. चांगला प्लेअर एवढंच करतो की जे उतरलंय त्यात स्वतःचं काही मिसळत नाही. हे काम नीट करणारे प्लेअर साडेतीन लाखांच्या बरेच आधी सुरू होतात.

मग पैसे कुठे घालावेत? माझ्या अनुभवात तुमच्यासारख्या घरात सर्वांत मोठा फरक खोलीने आणि स्पीकरने पडतो, आणि त्याच्याकडे सर्वांत शेवटी लक्ष जातं. एक करून पाहा. तुम्ही जिथे बसून ऐकता तिथे उभे राहा, पंखा बंद करा आणि एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीच्या मागे 'टर्रर्र' असा बारीक झणत्कार आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे फेकताहेत. आपल्या फ्लॅटमध्ये हे हमखास होतं. खाली गुळगुळीत फरशी, बाल्कनीला सरकती काच, भिंतीवर काही नाही. गायकाच्या प्रत्येक तानेमागे ती टर्रर्र लागते आणि आपण म्हणतो प्लेअर कर्कश आहे. स्पीकरच्या आणि तुमच्या मध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा टाका, काचेवर दुहेरी कापडाचा पडदा लावा, मागच्या भिंतीशी पुस्तकांचं कपाट आणा. मग पुन्हा टाळी वाजवा. हे सगळं पंचवीस-तीस हजारांत होतं, आणि प्लेअर घ्यायच्या आधी व्हायला हवं, नाहीतर दोन प्लेअरांतला फरक तुम्हाला घरी ऐकूच येणार नाही.

ॲम्प्लिफायर १८ वर्षांचा आहे. आवाजाचं बटण फिरवताना खरखर येते का? एका बाजूचा आवाज अधूनमधून जातो का? आतले कपॅसिटर इतक्या वर्षांत सुकलेले असू शकतात. चांगल्या तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. स्पीकरची जाळी काढून कोनाच्या कडेची गोल पट्टी बोटाच्या टोकाने अगदी हलकी दाबून बघा. ती फोमची असेल आणि भुगा होऊन हाताला लागली, तर आवाज तिथेच बिघडतोय. ही पट्टी बदलून मिळते.

चित्राकडे मी थोडक्यात वळतो, कारण तुमच्याकडे फोर-केची एकही डिस्क नाही. फोर-के डिस्कचं चित्र खरोखर वेगळं असतं. तीनथरी १०० जीबीच्या डिस्कवरून सेकंदाला १२८ मेगाबिटांपर्यंत माहिती येते, तर नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ मेगाबिटांचं इंटरनेट पुरे मानतं. आवाजही डिस्कवर काटछाट न होता येतो. ज्याच्याकडे मोठा पडदा, रिसीव्हर आणि पाच स्पीकर आहेत त्याने डिस्कच घ्यावी, असं मी आजही सांगेन. पण तुमचा टीव्ही ५५ इंची आणि तुम्ही अकरा फुटांवर. निरोगी डोळ्याला ५५ इंचांवर ब्लू-रेचे ठिपके साधारण सात फुटांच्या पलीकडे वेगळे दिसेनासे होतात. अकरा फुटांवर ब्लू-रे आणि फोर-के यांच्या बारीक तपशिलात तुम्हाला फरक दिसणार नाही. उजेड-अंधार आणि रंगांचा फरक दिसेल, तोही टीव्हीची एचडीआर झेपवण्याची ताकद असेल तर. चित्रासाठी एक मध्यम प्रतीचा, डीव्हीडी नीट मोठी करून दाखवणारा प्लेअर घ्या आणि उरलेलं मन गाण्याकडे द्या.

मुलीला जर्मनीहून आणायला सांगण्याआधी एक तपासणी करा. ब्लू-रेच्या डबीच्या मागे ए, बी किंवा सी अशी प्रदेशाची खूण असते, डीव्हीडीवर पृथ्वीच्या गोलात आकडा असतो. भारत ब्लू-रेसाठी सी आणि डीव्हीडीसाठी ५. जर्मनी बी आणि २. तिथला प्लेअर इथल्या २३० व्होल्टवर निवांत चालेल, पण सी प्रदेशाची ब्लू-रे नाकारेल. तुमच्याकडे इथे घेतलेल्या आणि मुलीने पाठवलेल्या अशा दोन्ही असणार, म्हणून तीसच्या तीस डब्या उलटून मोजणी करा. काहींवर तिन्ही अक्षरं असतात, त्यांची चिंता नाही. फोर-के डिस्कला हे प्रदेशाचं बंधनच नाही. ज्या वाचकांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांना आणखी एक सूचना. तिथला प्लेअर १२० व्होल्टचा असू शकतो, ब्लू-रेसाठी तो ए प्रदेशाचा असतो, आणि आपल्याकडच्या 'पाल' या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडी तिथले अनेक प्लेअर दाखवतच नाहीत. बॅगेतून आणलेल्या यंत्राला इथे हमी मिळत नाही, हे दोन्हीकडे सारखंच.

ओप्पो २०५ हा उत्तम प्लेअर होता, यात शंका नाही. आवाजासाठी तो मला आजही मोहात पाडतो. पण कंपनीने उत्पादन थांबवून बरीच वर्षं झाली. त्याचा लेझर गेला तर तुम्ही तपकीर गल्लीत, जिथे मी उभा होतो तिथेच उभे राहाल. त्या गृहस्थांकडून तो घ्यायचाच असेल, तर आधी आठवडाभर घरी आणून तुमच्या सर्वांत जुन्या सीडी लावून बघा, आणि नव्या सीडी प्लेअरपेक्षा एक रुपयाही जास्त देऊ नका.

मुलाचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. काटछाट न केलेला आवाज आता फोनवरच्या गाण्याच्या सेवाही देतात. पण 'सगळं' मिळतं का, हे वाद घालून ठरणार नाही. पुढच्या रविवारी तो आला की त्याला कपाटातून डोळे मिटून वीस सीडी काढायला सांगा. प्रत्येक सीडीतला तोच राग, तीच मैफल, तेच वर्ष त्याने फोनवर शोधायचं. नुसतं गायकाचं नाव सापडून चालणार नाही. वीसपैकी किती सापडतात ते कागदावर लिहा. मोठ्या कंपन्यांच्या सापडतील. छोट्या संस्थांनी, संगीत मंडळांनी, गवयाच्या घरच्यांनी काढलेल्या सीडी सापडणं कठीण. मुंबईतलं ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं, तशी दुकानं जिथे संपली तिथे या सीडींचा बाजारही संपला. तुमच्या कपाटात अशा किती आहेत हे त्या कागदावर दिसेल. मुलाला त्या दिवशी जे सापडणार नाही, त्या सीडींचे आकडे संगणकावर उतरवून ठेवायचं काम त्यालाच द्या. आवाज जराही कमी न करता फ्लॅक स्वरूपात एक सीडी साधारण तीनशे ते चारशे एमबी होते. सातशेच्या सातशे उतरवल्या तरी पाव टीबीच्या आसपास. दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक नाशिकला, एक त्याच्याकडे पुण्यात.

सीडी हाताळताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. आपण सारे खालची चकचकीत बाजू जपतो आणि लेबलाची बाजू टेबलावर घासतो. सीडीत माहितीचा थर लेबलाच्या अगदी लगत, लाखेच्या पातळ पापुद्र्याखाली असतो. खालून ओरखडा पडला तर बहुधा चालून जातं, वरून खरवडलं तर माहितीच उडते. डीव्हीडीत तो थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मधोमध असतो. सीडी उजेडापुढे धरा. टाचणीच्या टोकाएवढे ठिपके आरपार दिसले तर ती सीडी आधी उतरवून घ्या. पुसायची तर मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.

आता मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं? साडेतीन लाखांपैकी सव्वा-दीड लाखापर्यंत एका चांगल्या सीडी प्लेअरसाठी ठेवले असते. एसएसीडी वाजवणारा त्यात बसला तर उत्तम. त्याला मागे ऑप्टिकलची आत येणारी जागा असावी, म्हणजे टीव्हीचा आवाजही त्याच्याच डॅकमधून ॲम्प्लिफायरकडे जाईल. चित्राच्या प्लेअरला पन्नास हजारांची कमाल मर्यादा. लाखभर खोली, ॲम्प्लिफायरची दुरुस्ती आणि लागले तर स्पीकर यांना. बाकीचे तसेच बँकेत, पाच वर्षांनी लेझर बदलायला.

दुकानात जाताना स्वतःच्या चार डिस्क न्या. एक अशी सीडी जी तुम्हाला श्वासासकट पाठ आहे, एक थोडी खरचटलेली, एक जुनी डीव्हीडी आणि वहिनींची एक व्हीसीडी. सगळं वाजतं म्हणून सांगितलेल्या अनेक फोर-के प्लेअरांच्या यादीत व्हीसीडी नसते, ते तिथेच कळेल. दोन प्लेअर ऐकताना आवाजाची पातळी अगदी एकसारखी ठेवायला लावा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि दुकानात महाग प्लेअर बऱ्याचदा किंचित मोठा लागलेला असतो. वहिनींना बरोबर न्या. तुम्ही पाठ करून बसा, त्यांनी बटण बदलावं आणि कुठला चालू आहे ते सांगू नये. दहादा करून पाहा. आणखी एक, लेखी विचारा, या यंत्राचा लेझर सुटा मिळतो का, किती वर्षं मिळेल, आणि दुरुस्ती नाशिकला होते की मुंबईला पाठवावं लागतं. उत्तर कागदावर द्यायला तयार असलेल्या दुकानातून घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी.

आता वहिनींचा प्रश्न. पत्रातला मला सर्वांत निकडीचा वाटला तो हाच, आणि त्याला प्लेअर लागतच नाही. व्हीसीडीचं चित्र मुळातच ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. तुमच्या टीव्हीवर ठिपके त्याच्या ८२ पट. तेव्हा साडेतीन लाखांचा प्लेअरही त्या नाटकांचं चित्र सुधारू शकणार नाही. पण त्या साठांपैकी काही नाटकांचे ते संच पुन्हा कधीच रंगमंचावर येणार नाहीत आणि त्या व्हीसीडीही पुन्हा निघणार नाहीत. त्या आधी वाचवा. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह दोन-अडीच हजारांच्या आतबाहेर मिळतो. लॅपटॉपला जोडा, व्हीसीडी घाला, आतल्या 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये डॅट नावाच्या मोठ्या फायली असतील. त्या उचलून संगणकावर ठेवा. व्हीएलसी प्लेअरवर तशाच चालतात. टीव्हीला चालल्या नाहीत तर एमपी-फोर करून पेनड्राइव्हवर घाला. एखादी डिस्क मध्येच अडली तर दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा प्रयत्न करा, एकाला जी वाचता येत नाही ती दुसरा पुष्कळदा वाचतो.

चित्र ५५ इंचांवर भुरकट वाटलं तर टीव्हीचा 'शार्पनेस' शून्याजवळ आणा आणि चित्र पडदाभर ताणू नका, बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्या. संवाद स्वच्छ ऐकू यावेत म्हणून लॅपटॉपच्या हेडफोनच्या जागेतून एक केबल ॲम्प्लिफायरला लावा. वहिनींना सांगा, ड्राइव्ह उद्या मागवला तर पहिलं नाटक याच आठवड्यात.